कमी खर्चात इंजिनाची ताकद वाढवायची आहे? इंदूरच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

इथे ‘गाडी’ म्हणताना आपल्याकडे या कामासाठी खरोखर येणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे आहेत: पोलो जीटी टीएसआय, व्हर्टस, स्लाव्हिया, अबार्थ पुंटो, आय-२० एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस. त्याहून मोठ्या गाडीलाही नियम हेच, बिल तेवढं वेगळं. किमती अंदाजे आहेत. मजुरी आणि आयात मालाचा भाव यांनुसार त्या वर-खाली होतात.

हाताशी पंचवीस-तीस हजार आहेत. सगळ्यात आधी काय बसवू?

काहीच नाही. आधी गाडी कंपनीने सांगितलेली ताकद अजून देते का, ते तपासा. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या टर्बो गाडीची थोडी ताकद कुठे ना कुठे सांडलेली असतेच, आणि ती परत मिळवणं हाच सगळ्यात स्वस्त अपग्रेड. हे न करता नवा पार्ट बसवणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

सुरुवात स्कॅनरने करा. फॉल्ट कोड नसला तरी फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनाचा संगणक (ईसीयू) ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर ठीक, १० टक्क्यांच्या बाहेर गेला तर काहीतरी बिघडलं आहे. आयडलवर ट्रिम वर आणि इंजिनाच्या मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर खाली येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा आत ओढली जाते. उलट आयडलवर ठीक आणि लोडवर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतं: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर.

मग टर्बोच्या नळ्या. क्लिपजवळ फाटलेला होज किंवा दबलेली ओ-रिंग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून तो कुठून गळतो ते बघणं) करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. ‘टर्बो गेला’ म्हणून आलेल्या गाडीत फक्त होज फाटलेला निघणं ही नेहमीची गोष्ट.

त्यानंतर कॉम्प्रेशन. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके द्या. मोजलेला आकडा किती यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा; तो १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. अशा इंजिनाचा रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी.

शेवटचं म्हणजे कार्बन. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात (टीएसआय, आय-२० एन लाइनचं १.० टर्बो) पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह त्याने कधीच धुतले जात नाहीत. त्यामुळे टाकीत ओतायचं क्लीनर तिथवर पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून व्हॉल्व्ह साफ करणं हाच उपाय. अबार्थच्या टी-जेटमध्ये इंजेक्टर पोर्टमध्ये आहेत, तिला हा त्रास जवळजवळ नाही.

इंदूरच्या हवेत गाडीची ताकद खरंच कमी होते का?

होते, आणि हिशेब सोपा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के कमी. त्यात मे महिन्यात ४२ अंशांची दुपार. १५ अंशांच्या हवेपेक्षा ती हवा साडेआठ टक्के विरळ असते. दोन्ही एकत्र धरलं तर टर्बो नसलेलं इंजिन समुद्रकाठच्या थंड दिवसापेक्षा सुमारे १४ टक्के कमी हवा घेतं, आणि ताकदही जवळपास तेवढीच घटते.

टर्बो ही कमतरता भरून काढतो, पण फुकटात नाही. तोच बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) गाठायला त्याला जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते, नॉकिंगची (मिश्रण अवेळी भडकण्याची) शक्यता वाढते आणि ईसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. म्हणून डिसेंबरच्या सकाळी केलेलं ट्यूनिंग मे महिन्यात तसंच चालेल असं समजू नका. इथल्या गाडीची खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन वाजता.

टर्बो नसलेली गाडी आहे. थोडक्या खर्चात किती मिळेल?

फार कमी. रिमॅपने ५ ते ८ टक्के, हेडरने (मोकळ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डने) अजून थोडं. बीएस-४ आणि त्यापुढच्या बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच चिकटून असतो, त्यामुळे हेडर बदलणं म्हणजे कन्व्हर्टरला हात लावणं आलं. तोच पैसा टायर, ब्रेक आणि वजन कमी करण्यात घाला. जुन्या होंडा सिटीत लाखभर घालून १५ पीएस (अश्वशक्ती) मिळवण्यापेक्षा ती गाडी विकून टर्बो घेणं शहाणपणाचं.

एअर फिल्टर बदलला की पिकअप वाढतो म्हणतात, ते खरं?

कचऱ्याने भरलेला फिल्टर बदलला तर वाढतो. स्वच्छ कागदी फिल्टरच्या जागी चार-सात हजारांचा तेल लावलेला कॉटन फिल्टर बसवला, तर फरक एक-दोन टक्क्यांचा. तो सीटवर बसून कळत नाही. कळतो तो आवाज.

माळव्याची काळी माती सुकली की तिची पावडर होते, आणि सुपर कॉरिडॉर किंवा बायपासच्या आसपास बांधकाम चालू असेल तर विचारूच नका. उघडा कोन फिल्टर इथे दोन अर्थांनी तोट्याचा: धूळ जास्त आत जाते आणि बॉनेटखालची तापलेली हवा ओढली जाते. आमचं मत साधं आहे: कंपनीचा कागदी फिल्टर, दर १० हजार किलोमीटरला नवा. कॉटन फिल्टर घ्यायचाच असेल तर मूळ डब्यात बसणारा घ्या आणि धुतल्यावर तेल अगदी बेताने लावा. जास्त झालेलं तेल उडून मास एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी अडखळायला लागते.

रिमॅपमध्ये नेमकं काय बदलतं?

टर्बो गाडीत स्वस्तात मिळणारी खरी ताकद इथेच आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. ईसीयूमध्ये किती टॉर्क मागायचा, त्यासाठी किती बूस्ट, किती आगाऊ ठिणगी आणि किती पेट्रोल, याचे तक्ते असतात. कंपनीने ते जगभरच्या पेट्रोलसाठी आणि निष्काळजी मालकासाठी मोकळीक ठेवून भरलेले असतात. रिमॅप म्हणजे त्या मोकळिकीतला काही भाग वापरणं. कोणताही पार्ट न बदलता केलेल्या कामाला स्टेज १ म्हणतात. खर्च साधारण २५ ते ५० हजार.

पोलो जीटीचं १.२ टीएसआय कंपनीकडून १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर देतं; चांगल्या फाइलवर (बदललेल्या तक्त्यांवर) ते १३० च्या आसपास जातं. व्हर्टस-स्लाव्हियाचं १.० इंजिन ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटरचं, तेही साधारण तिथेच पोहोचतं. याहून फार मोठा आकडा कोणी सांगितला, तर तो आकडा कोणत्या पेट्रोलवर आणि किती तापमानाला मिळाला, ते विचारा.

लहान तीन सिलिंडर इंजिनात धोका पीएसचा नसतो, खालच्या फेऱ्यांवरच्या टॉर्कचा असतो. १,८०० फेऱ्यांवर २३० न्यूटन मीटर दिले की गाडी पहिल्या फेरीत भन्नाट वाटते, पण सिलिंडरमधला दाब तिथेच शिगेला असतो. कनेक्टिंग रॉड वाकतो तो याच पट्ट्यात. ट्यूनरला स्पष्ट सांगा: टॉर्क हळू चढू दे, शिखर २,५०० च्या पुढे असू दे. आणि सहाव्या गिअरमध्ये ताशी ५० वर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवय सोडा.

ट्यूनर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

दुकानातल्या फोटोंवरून नाही, तो काय विचारतो त्यावरून. गाडी किती चालली, प्लग कधी बदलले, कोणतं पेट्रोल भरता, क्लच कसा आहे, हे न विचारता लॅपटॉप जोडणारा माणूस तयार फाइल ओतणार आहे.

काम सुरू करण्याआधी मूळ फाइल वाचून तिची प्रत तुमच्याकडे पेन ड्राइव्हमध्ये मागा. ईसीयूचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर कागदावर लिहून घ्या. लिहिताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट चार्जर लावला आहे ना, बघा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू बेंचवर काढून दुरुस्त करावा लागतो.

युरोपातून विकत घेतलेली फाइल तशीच टाकली जाते का, हेही विचारा. तिकडचं साधं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखायची क्षमता) आणि १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. आपल्याकडे आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. स्टेज १ ने आधीच वाढलेली मागणी आणि त्यावर हे, अशात हाय प्रेशर पंप कधी कधी टोकाला पोहोचतो.

लॉग घ्यायला सांगतात. त्यात काय बघायचं?

लॉग म्हणजे गाडी पळत असताना स्कॅनरने केलेली सेन्सरांच्या आकड्यांची नोंद. तिसरा गिअर, २,००० फेऱ्यांपासून अॅक्सिलरेटर पूर्ण, ६,००० पर्यंत. इंजिन ऑइल पूर्ण गरम हवं. रिमॅपच्या आधी एक आणि नंतर एक, शक्यतो एकाच दिवशी. हे सुपर कॉरिडॉरवर करू नका. पोलो तिसऱ्या गिअरच्या शेवटी ताशी शंभराच्या वर असते, आणि समोरून चुकीच्या बाजूने ई-रिक्षा येणार नाही याची हमी कोणी देत नाही. डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंदिस्त जागेतच करा. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून चालू आहे, पण ते वाहन कंपन्यांचं चाचणी केंद्र आहे. आयोजित कार्यक्रम असेल तरच तिथे जायचं. रविवारी सहज चक्कर टाकायची ती जागा नव्हे.

लॉगमध्ये सगळ्यात आधी प्रत्येक सिलिंडरचा इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती अंश मागे घेतली तो आकडा) पाहा. मधूनच दोन-तीन अंश मागे येणं चालतं. एकच सिलिंडर सतत पाच-सहा अंश मागे असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर तपासा. सगळेच मागे असतील तर फाइल इथल्या उन्हासाठी जड आहे. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांत ०.१५ बारपेक्षा जास्त फरक नको. फुल थ्रॉटलवर लॅम्डा (हवा-पेट्रोलाचं प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) साधारण ०.८२ ते ०.९० दरम्यान हवा. वरच्या फेऱ्यांवर पंपाचा रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) मागणीपेक्षा खाली घसरत असेल, तर पंपाची क्षमता संपत आली म्हणा आणि बूस्ट कमी करायला सांगा. इनटेक हवेचं तापमान एका फेरीत १५-२० अंशांनी चढत असेल, तर इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरकडे) वळा.

ट्यूनिंग बॉक्स स्वस्त आहे, वॉरंटीतही लपतो. तो घेऊ का?

हा डबा बूस्ट सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला दाखवतो, मग ईसीयू बूस्ट वाढवतो. टायमिंग आणि नॉकिंगवर त्याचा ताबा नाही. थोडा वाढीव बूस्ट असेल तर चालतो, आणि दहा मिनिटांत काढता येतो, हा खरा फायदा. पण ‘लपतो’ यावर विसंबू नका; ईसीयूत सर्वाधिक बूस्ट आणि टॉर्कच्या नोंदी राहतात. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत सॉफ्टवेअर बदललेलं आढळलं की डीलर टीडी-१ अशी खूण टाकतो. ती एकदा पडली की पॉवरट्रेनच्या वॉरंटीसाठी भांडत बसावं लागतं.

कोणतं पेट्रोल भरायचं?

फाइल ज्या ऑक्टेनवर बनवली, त्याहून कमी कधीच नाही. बीएस-६ पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१. ई-२० मध्ये इथेनॉलमुळे तो वर जातो. शिवाय इथेनॉलची वाफ होताना सिलिंडरमधली उष्णता शोषली जाते, म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ई-२० हा टर्बोचा शत्रू नाही. अॅव्हरेज मात्र घटतो.

पंपावर प्रीमियम पेट्रोल घेताना ऑक्टेनचा आकडा विचारा. रंगीत नावाचं प्रत्येक पेट्रोल ९५ चं नसतं. काहींत फक्त क्लीनर जास्त असतो. अडचण शहराबाहेर येते. इंदूरहून पुण्याला निघालात तर मानपूर, सेंधवा, धुळे या पट्ट्यात ९५ चं पेट्रोल हमखास मिळेलच असं नाही, आणि बिजासन घाट नेमका मध्ये. म्हणून ट्यूनरकडून दोन फाइल घ्या: एक ९५ ची आणि एक साध्या पेट्रोलची. दोन मिळत नसतील तर साध्याची घ्या. आठ-दहा पीएस कमी मिळतील, पण घाटात निवांत राहाल.

एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत रबरी होज आणि सील वर्षातून एकदा बघून घ्या. आणि फक्त रविवारी निघणारी गाडी पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनोन् महिने उभी ठेवू नका. इथेनॉल ओल धरतो, पाणी तळाशी बसतं.

ऑक्टेन बूस्टरची बाटली?

नको. बाटलीवरचे ‘३० पॉइंट’ म्हणजे ऑक्टेनचे तीन आकडे, तेही लहान टाकीत पूर्ण बाटली ओतली तर. मँगनीजवाल्या बाटल्यांनी प्लगवर विटकरी थर बसतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

प्लग कोणते आणि गॅप किती?

बूस्ट वाढला की ठिणगी विझण्याची शक्यता वाढते. कंपनीच्या ०.८-०.९ मिलिमीटरऐवजी गॅप ०.६५ ते ०.७० ठेवा. रिमॅप केलेल्या टर्बोला एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा प्लग योग्य. इथे लोक फसतात ते आकड्यावरून: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये लहान आकडा म्हणजे थंड. इरिडियमची टोकं नाजूक असतात. गॅप मधल्या इलेक्ट्रोडला धक्का न लावता बाहेरची पट्टी वाकवून करा.

इंजिन थंड असतानाच बसवा. १२ मिलिमीटरच्या आट्याला १८ ते २३ न्यूटन मीटर टॉर्क पुरे. आट्यांना ग्रीस लावू नका, कारण त्याने पाना तेवढाच फिरूनही प्लग जास्त आवळला जातो. रिमॅपनंतर दर २० हजार किलोमीटरला बदला, कंपनीचं कोष्टक काहीही सांगो.

गिअरबॉक्स एवढा टॉर्क पेलेल का?

खरेदीआधी विचारायचा खरा प्रश्न हाच, आणि विचारला जातो शेवटी. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीक्यू-२०० हा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), मर्यादा २५० न्यूटन मीटर. १७५ वरून २२० वर जायला तिथे जागा आहे. तोच गिअरबॉक्स १.५ टीएसआयच्या व्हर्टस जीटीत आहे, आणि ते इंजिन कंपनीकडूनच २५० न्यूटन मीटर देतं. म्हणजे डीएसजीवाल्या १.५ मध्ये टॉर्क वाढवायला जागाच नाही. फार तर वरच्या फेऱ्यांवर टॉर्क धरून ठेवायचा आणि पीएस वाढवायचे. ऑक्टाव्हिया आरएस २३० चा डीक्यू-२५० तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, तो जास्त सोसतो. पण तेल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदललेच पाहिजेत.

कोरड्या क्लचला मारते ती रांगणारी रहदारी. पलासिया किंवा विजय नगरच्या चौकात गाडी ब्रेकवर धरून पुढे-पुढे सरकवत राहिलात तर क्लच अर्धवट चिकटून तापतो. पुढच्या गाडीला दोन मीटर जाऊ द्या, मग एकदम निघा.

मॅन्युअल गाडीत क्लच तपासायला चौथा गिअर, २,००० फेऱ्या, अॅक्सिलरेटर पूर्ण. फेऱ्या झपकन चढल्या आणि वेग तसाच राहिला तर क्लच सरकतो आहे. अशा गाडीवर रिमॅप करणार असाल तर क्लच किटचे पैसे आधी बाजूला काढा.

इंटरकूलर मोठा बसवू का?

कोणती गाडी आहे त्यावर आहे. अबार्थ आणि ऑक्टाव्हिया आरएसमध्ये हवा-हवा (समोरच्या वाऱ्याने थंड होणारा) इंटरकूलर आहे, तिथे मोठा घेतल्याचा फायदा मे महिन्यात दिसतो: पहिल्या फेरीत नाही, सलग तिसऱ्या-चौथ्या फेरीत. पोलोच्या टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्याने थंड होतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. समोर मोठा डबा लावून उपयोग नाही. त्या गाडीत छोट्या शीतकरण सर्किटचा वेगळा पंप फिरतो का, कूलंट पातळ झालेलं नाही ना आणि समोरचा रेडिएटर धुळीने लिंपलेला नाही ना, हे बघा. प्रेशर वॉशरने रेडिएटर धुताना जवळून मारू नका, पट्ट्या आडव्या होतात.

डाउनपाइप, सायलेन्सर, आणि ते फटाके?

कन्व्हर्टरच्या मागचा सायलेन्सर बदलल्याने लहान टर्बोला दोन-चार पीएस मिळतात. बाकी आवाज. ताकद मिळते ती मोठ्या डाउनपाइपने (टर्बोच्या लगेच मागच्या एक्झॉस्ट पाइपने), पण कन्व्हर्टर काढून टाकलेली गाडी रस्त्यावर बेकायदा आहे आणि पीयूसीत अडकते. मोठ्या व्यासाचा, जास्त प्रवाह देणारा कन्व्हर्टर असलेला पाइप मिळतो. तो महाग आहे आणि स्टेज १ ला त्याची गरज नाही.

अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजवणारी फाइल मुद्दाम उशिरा ठिणगी देऊन पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळते. हौसेला मोल नाही हे खरं, पण इथे मोल आहे: कन्व्हर्टरचा आतला मधपोळ्यासारखा भाग वितळतो, टर्बोचं टर्बाइन तापतं, आणि नवा कन्व्हर्टर रिमॅपपेक्षा महाग पडतो.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह?

टर्बोच्या नळीतली जादा हवा बाहेर सोडणारा हा व्हॉल्व्ह; मिळतो फक्त आवाज. मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत मोजलेली हवा बाहेर सोडली की मिश्रणात क्षणभर पेट्रोल जास्त होतं आणि गाडी झटका देते. ती हवा परत आत वळवणाऱ्या मूळ डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल तर तो मात्र बदला.

हे सगळं कायदेशीर आहे का? विमा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. मनाई असलेले पार्ट बसवणाऱ्या मालकाला कलम १८२-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा ओलांडल्या तर कलम १९०(२): पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. प्रीमियम थोडा वाढेल. न कळवता अपघात झाला आणि सर्व्हेयरच्या लक्षात आलं, तर स्वतःच्या गाडीचा दावा अडकू शकतो.

डायनोच्या कागदावरचा आकडा किती खरा?

इंजिनचा की चाकांवरचा, हे आधी विचारा. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये चाकांपर्यंत १२ ते १५ टक्के ताकद खपते. मग कोणतं करेक्शन लावलं ते बघा: डीआयएन २० अंश धरतं, एसएई २५ अंश, त्यामुळे त्याच गाडीचे दोन आकडे निघतात. टॉर्क आणि पीएस जुळतात का, हे स्वतः तपासता येतं. न्यूटन मीटर गुणिले फेऱ्या, भागिले ७,०२३. ४,००० फेऱ्यांवर २२० न्यूटन मीटर असतील तर तिथे १२५ पीएसच निघाले पाहिजेत. कागदावर १४० असतील तर कागद परत द्या. आधीची आणि नंतरची फेरी त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच टायर प्रेशरवर नसेल तर तुलनेला अर्थ नाही.

मग पैसे कसे वाटू?

पंधरा हजारांत: तपासणी, प्लग, फिल्टर, स्मोक टेस्ट आणि चांगलं तेल. तेल कंपनीने सांगितलेल्या मानकाचं हवं, शिवाय डायरेक्ट इंजेक्शनला एपीआय एसपी दर्जाचं. कमी फेऱ्यांवर जास्त लोड पडला की मिश्रण वेळेआधी पेटतं, ते रोखायला हा दर्जा मदत करतो. रिमॅपनंतर दर ७,५०० किलोमीटरला बदला.

पन्नास-साठ हजारांत: वरचं सगळं आणि स्टेज १. पण त्यातले आठ-दहा हजार ब्रेकसाठी राखा. डॉट-४ फ्लुइड दर दोन वर्षांनी नवं. कोरड्या डॉट-४ ला उकळायला किमान २३० अंश लागतात, पाणी शोषलेल्याला १५५ सुद्धा पुरतात. घाट उतरताना पेडल खाली जातं ते यामुळे. पॅडही थोडे बरे घ्या.

लाखाच्या पुढे: टायर. १८५/६० आर १५ च्या जागी १९५/५५ आर १५ घेतला तर बाहेरचा व्यास जेमतेम सव्वा टक्का घटतो, स्पीडोमीटर जवळपास बरोबर राहतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं घसरत असतील तर वाढवलेला टॉर्क रस्त्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर क्लच किंवा इंटरकूलर, गाडीनुसार. स्टेज २, म्हणजे डाउनपाइपसारखे पार्ट बदलून केलेला रिमॅप, आमच्या मते ‘कमी खर्चात’ मध्ये बसत नाही.

सर्व्हिस सेंटरला नेलं आणि पिकअप गेला. का?

डीलरने सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि तुमची फाइल पुसली गेली. जॉब कार्डवर ‘सॉफ्टवेअर अपडेट करू नये’ असं लिहून घ्या. बहुतेक ट्यूनर तीच फाइल पुन्हा टाकून देतात. आधी ठरवून घ्या.

वापरलेली टर्बो गाडी घेतो आहे. आधी रिमॅप झाली होती का, कसं कळेल?

मालकाने मूळ फाइल परत टाकली असेल तर नुसत्या चालवण्यातून कळत नाही. स्कॅनरवर सॉफ्टवेअर नंबर आणि किती वेळा फ्लॅश झाला (नवं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं) याचा आकडा बघा, आणि डीलरच्या सर्व्हिस नोंदींशी ताडून पाहा. ईसीयूच्या डब्याच्या कडेला खरवडल्याच्या किंवा नव्या सीलंटच्या खुणा म्हणजे तो बेंचवर उघडला गेला. प्लग काढून बघा: थंड पायरीचे असतील तर प्रश्न विचारा. इंटरकूलर आणि नळ्यांच्या क्लिपा कंपनीच्या आहेत की स्क्रूच्या, तेही दिसतं. मग वर सांगितलेली कॉम्प्रेशन टेस्ट आणि चौथ्या गिअरमधली क्लचची परीक्षा करा. विकणारा या दोन तपासण्यांना नाही म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.